डायलिसिस आणि रक्त देणं: नर्सिंग स्टाफकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिस युनिटला किंवा मेडिसिन वॉर्डला नव्याने पोस्टिंग मिळालेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी हे पान आहे. प्रोटोकॉलची फाईल प्रत्येक इन्चार्जच्या कपाटात असतेच, ती इथे पुन्हा उतरवलेली नाही. हँडओव्हरच्या वेळी आणि ट्रेनिंगनंतर चहाला थांबल्यावर खरोखर जे विचारलं जातं, तेवढंच घेतलं आहे. डोस आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल काही वेगळं सांगत असेल, तर तो पाळायचा.

डायलिसिस आणि रक्त देणं, हे दोन विषय एकत्र का?

कारण पेशंट बहुतेकदा एकच असतो. किडनी निकामी झाली की एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) कमी तयार होतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर येणाऱ्या माणसाला कधी ना कधी रक्ताची पिशवी लागते. लघवी होत नसल्यामुळे जादा पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, पोटॅशियम आधीच वर असतं, छातीत पाणी भरायला वेळ लागत नाही.

दुसरं कारण असं, की दोन्हीकडे बिघडतं ते बहुधा सारख्याच जागी. मशीनचा अलार्म वाजला की सगळे धावतात. बोलका पेशंट एकाएकी गप्प झाला किंवा त्याची कंबर दुखायला लागली, तर त्याचा अलार्म वाजत नाही. तिथे माणूसच जवळ असावं लागतं.

रक्तपेढीने क्रॉसमॅच केलेलं असतं, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते पाहिलेलं असतं. मग बेडपाशी दोघांनी पुन्हा तपासायचं कशाला?

क्रॉसमॅच नळीतल्या सॅम्पलशी होतं, बेडवरच्या माणसाशी नाही. पिशवी शेजारच्या बेडला लागली, तर रक्तपेढीचं काम अगदी चोख असूनही न जुळणारं रक्त शरीरात जातं. त्याआधीची शेवटची चाळणी तुम्हीच आहात.

वॉर्डात एकाच वेळी दोन सुनीता पाटील असणं आपल्याकडे नवलाचं नाही. "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं विचारलं, तर झोपेतली, कमी ऐकू येणारी किंवा सिस्टरना नाही कसं म्हणायचं या भिडेतली बाई "हो" म्हणून मोकळी होते. म्हणून प्रश्न असा हवा: "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा, मिस्टरांच्या किंवा वडिलांच्या नावासकट." मधलं नाव ही आपल्याकडची मोठी सोय आहे, ती वापरा. मग हातातल्या पट्ट्यावरचा रजिस्ट्रेशन नंबर, केस पेपर, क्रॉसमॅचचा फॉर्म आणि पिशवीवरचं लेबल एकमेकांशी ताडून पाहा. पिशवीचा नंबर, रक्तगट, आरएच आणि एक्स्पायरी मोठ्याने वाचा. गळती, गाठी किंवा बदललेला रंग दिसतो का तेही पाहा. बेड नंबर ही ओळख नव्हे. संध्याकाळी पेशंटची जागा बदललेली असते.

दोघांनी तपासणं म्हणजे एकीने वाचायचं आणि दुसरीने नर्सिंग स्टेशनवर बसून सही ठोकायची, असं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे आणि पेशंटच्या उशाशीच तपासायचं.

सॅम्पल घेतानाची सर्वांत वाईट सवय कोणती?

नळ्यांवर आधी नावं लिहून ट्रेमध्ये मांडायच्या आणि मग वॉर्डभर फिरत रक्त काढायचं. वेळ वाचतो खरा, पण नळी बदलली तर ते कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच पेशंट घ्यायचा. रक्त काढून झालं की तिथेच, त्याला नाव विचारून लेबल लिहायचं आणि मगच पुढच्या बेडकडे जायचं.

पिशवी वॉर्डात आली, पण पेशंट सोनोग्राफीला गेलाय. फ्रिजमध्ये ठेवू का?

नाही. इन्सुलिन ठेवायच्या फ्रिजचं तापमान रक्तासाठी भरवशाचं नसतं. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला सांभाळावी लागते, आणि वॉर्डातल्या फ्रिजचं दार दिवसभर उघडझाप होत असतं. पिशवी लगेच लावता येणार नसेल तर अर्ध्या तासाच्या आत रक्तपेढीला परत पाठवा. म्हणून मामांना (वॉर्डबॉयना) रक्तपेढीत धाडण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: पेशंट जागेवर आहे, शीर चालू आहे, संमतीपत्रावर सही झाली आहे. पिशवी आणायला गेलेले मामा वाटेत दुसऱ्या वॉर्डाची औषधं घ्यायला थांबले, तर ती वीस मिनिटंही त्या अर्ध्या तासातच मोजायची.

पिशवी थंड लागते म्हणून गरम पाण्यात बुडवणं, रेडिएटरवर किंवा उन्हात ठेवणं पूर्ण बंद. लाल पेशी फुटतात. गरम करायची खरोखर गरज असेल तर त्यासाठी ब्लड वॉर्मर असतो.

प्लेटलेटचं गणित उलटं आहे. त्या २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवतात. फ्रिजमध्ये ठेवल्या की वाया गेल्या.

किती वेळात संपवायची? सोबत आणखी काय चालू ठेवता येतं?

लाल पेशींची पिशवी रक्तपेढीच्या फ्रिजमधून बाहेर पडल्यापासून चार तासांत संपली पाहिजे. राहिली तर राहिली, टाकून द्या. त्याच लाईनमधून फक्त नॉर्मल सलाईन चालतं. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, त्याने गाठी होतात; डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात. अँटिबायोटिकही त्या लाईनमध्ये ढकलायचं नाही. सेट फिल्टरचाच हवा, सलाईनचा साधा सेट नको.

पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबा म्हणतात. एका सिस्टरकडे बारा बेड असताना ते जमतं का?

प्रश्न रास्त आहे. पूर्ण चार तास कुणीच थांबू शकत नाही, आणि तसं कुणी मागतही नाही. रक्तगट (एबीओ) न जुळणाऱ्या रक्ताची किंवा तीव्र ॲलर्जीची रिॲक्शन बहुधा सुरुवातीच्या थोड्याच रक्तावर दिसू लागते. म्हणून पहिली पंधरा मिनिटं संथ, मिनिटाला साधारण २ मिली, आणि तेवढा वेळ सिस्टर तिथेच. बाकीची कामं त्यानुसार लावा. औषधांच्या राऊंडच्या ऐन वेळी किंवा हँडओव्हरच्या तोंडावर पिशवी लावू नका. तातडी नसेल तर रात्री दोन वाजता लावायचंही कारण नाही. तातडी नसलेलं रक्त दिवसा द्यायचं, एवढा एक नियम वॉर्डाने केला तरी खूप फरक पडतो.

तापमान, नाडी, बीपी आणि श्वास लावण्यापूर्वी, १५ मिनिटांनी, नंतर तासातासाला आणि संपल्यावर पाहायचे. पेशंटला आधीच सांगून ठेवा: "थंडी वाजली, अंगाला खाज सुटली, कंबर किंवा छाती दुखली, दम लागला, अस्वस्थ वाटलं, तर लगेच हाक मारा. उगाच कशाला त्रास द्यायचा, असं म्हणू नका."

आमच्याकडे प्रत्येक पिशवीआधी ॲलर्जी दाबणारं एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट देतात, नंतर लघवी वाढवणारं लॅसिक्स. ते बरोबर आहे का?

रूढी आहे, गरज नाही. आधी ॲलर्जिक रिॲक्शन आलेली असेल तर डॉक्टर विचार करून देतील. सरसकट सगळ्यांना देण्याने फायदा होतो असा पुरावा नाही. एव्हिलने पेशंट गुंगतो आणि नेमक्या त्याच वेळी तो काही सांगू शकत नाही, हा तोटा कुणी मोजत नाही. आणि ज्याला लघवीच होत नाही अशा डायलिसिसच्या पेशंटला लॅसिक्सने काय साधणार?

रिॲक्शन आली. पहिलं काम?

रक्त बंद. डॉक्टरांना फोन करण्याआधी बंद. मग सेट बदलून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवा. जुन्या सेटमधूनच सलाईन सोडलं तर सेटमधलं उरलेलं रक्त आत जातं. डॉक्टरांना बोलवा, व्हायटल्स घ्या, पट्टा आणि लेबल पुन्हा ताडून पाहा. नावाची अदलाबदल झाली असेल तर त्या घडीला दुसरी पिशवी दुसऱ्या कुणाला तरी चुकीची लागत असू शकते, त्यामुळे रक्तपेढीलाही लगेच कळवा. पिशवी आणि सेट फेकू नका. ते, नवीन सॅम्पल आणि पहिली लघवी डॉक्टरांच्या फॉर्मसह रक्तपेढीला जातात.

ताप १ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त वाढला तर तो "साधा ताप" आहे की हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) की जंतुसंसर्ग, हे नर्सिंग स्टेशनवर ठरत नाही. आधी थांबवा.

रिॲक्शनची नोंद केली की मेमो येतो. मग नोंद कोण करणार?

ही भीती खरी आहे आणि ती काढणं इन्चार्जचं काम आहे. देशात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स (रक्ताच्या रिॲक्शनवर लक्ष ठेवणारा) कार्यक्रम चालू आहे, नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था तो पाहते. रिॲक्शनचा ठरावीक फॉर्म रक्तपेढीमार्फत तिथे जातो. कार्यक्रमाचा उद्देश रिॲक्शन का येतात हे शोधणं आहे, दोषी शोधणं नव्हे. ज्या वॉर्डात वर्षभर शेकडो पिशव्या जातात आणि रिॲक्शनची नोंद शून्य असते, तिथे रिॲक्शन येत नसतात असं नाही. तिथे कुणी पाहत नसतं किंवा कुणी लिहीत नसतं.

डायलिसिसच्या पेशंटला रक्त मशीनवर असतानाच का देतात?

पिशवीसोबत येणारं पाणी आणि पोटॅशियम त्याच सेशनमध्ये काढता येतं म्हणून. साठवलेल्या रक्तात दिवसागणिक पोटॅशियम वाढत जातं. नॉर्मल किडनी ते सहज बाहेर टाकते, या पेशंटची टाकत नाही.

इथे तीन गोष्टी सांभाळा. पिशवीतलं पाणी यूएफच्या (मशीनने काढायच्या जादा पाण्याच्या) हिशेबात धरा, नाहीतर पेशंट ठरल्यापेक्षा जड होऊन घरी जातो आणि रात्री दम लागून कॅज्युअल्टीत येतो. पंपाच्या आधीच्या लाईनमधून रक्त देत असाल तर पंप पिशवी भराभरा ओढतो, आणि ती रिकामी झाली की हवा ओढतो. रोलर क्लॅम्पवर हात आणि पिशवीवर नजर ठेवा. तिसरं, पिशवी शेवटच्या तासावर ढकलू नका.

मशीनवर रक्त चालू असताना थंडी वाजली. रक्तामुळे, कॅथेटरमुळे की पाण्यामुळे?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न. मानेतल्या कॅथेटरमध्ये (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीत) जंतू असतील तर डायलिसिस सुरू होताच ते रक्तात ढकलले जातात आणि थोड्या वेळात हुडहुडी भरते. रक्ताची रिॲक्शनही तशीच दिसते. डायलिसिसच्या पाण्यात एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) असेल तरी तेच.

म्हणून डायलिसिस लावण्यापूर्वी तापमान घ्या, प्रत्येक पेशंटचं, प्रत्येक वेळी. नंतर अर्धा तास मशीन नीट चालू द्या, पुन्हा तापमान पाहा आणि मगच पिशवी लावा. एवढा अर्धा तास मधे ठेवला तर थंडी कशाच्या मागोमाग आली हे सांगता येतं. दोन्ही एकदम सुरू केलं तर ते कुणालाच सांगता येत नाही. आणि एकाच शिफ्टमध्ये दोघा-तिघांना थंडी वाजली तर कारण एकेका पेशंटमध्ये न शोधता आरओ प्लँटकडे (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे) बघा.

खरोखर थंडी वाजली तर मात्र कारण शोधत बसू नका. रक्त बंद करा. व्हीनस लाईनमधलं (मशीनकडून पेशंटकडे परत जाणारं) रक्त गडद दारूच्या रंगाचं दिसलं तर पेशी फुटल्या आहेत असं धरा: पंप बंद, लाईन क्लॅम्प, आणि ते रक्त पेशंटला परत द्यायचं नाही.

नातेवाईक म्हणतात, "एक बाटली रक्त चढवा, ताकद येईल." काय सांगायचं?

सांगा की शक्यतो रक्त टाळायचंच आहे. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडी तयार होऊ शकतात, आणि उद्या किडनी ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर जुळणारी किडनी मिळणं कठीण होतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाची प्रतीक्षायादी सांभाळणाऱ्या केंद्रांच्या) यादीत नाव असलेल्या पेशंटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. रक्त द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी काढलेलं मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा.

हिमोग्लोबिन टिकवणं पुष्कळसं आपल्या हातात असतं. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांना ठेवायचं, हलवायचं नाही, देण्यापूर्वी बीपी पाहायचं. चुकलेला डोस "पुढच्या वेळी देऊ" म्हणून सोडायचा नाही. आयर्न पुरेसं नसेल तर ते इंजेक्शन वाया जातं. सेशन संपताना सर्किटमधलं रक्त पूर्ण परत द्या. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) नीट न दिल्याने एक सर्किट गोठलं, तर सर्किटमधलं दीडशे-दोनशे मिली रक्त कचऱ्यात जातं, आणि त्याच पेशंटसाठी आपण दोन आठवड्यांनी डोनर शोधत असतो. प्रत्येक तपासणीला पाच-पाच मिली काढण्यापेक्षा लॅबला किती पुरतं ते एकदा विचारून ठेवा.

"बॉम्बे ब्लड ग्रुप" आमच्या कधी कामाचा आहे का?

क्वचित, पण आला तर खूप. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. साध्या तपासणीत तो "ओ" दिसतो, पण ओ गटाची एकही पिशवी जुळत नाही. रक्तपेढी "सगळ्याच पिशव्या इनकम्पॅटिबल येतायत, पुन्हा सॅम्पल पाठवा" म्हणाली तर वैतागू नका आणि "ओ निगेटिव्ह लावून टाका" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या पेशंटला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. भावंडांचा गट तपासायला सांगा.

फिस्टुलाचा हात सांभाळायचा म्हणजे नेमकं काय?

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातातली धमनी आणि शीर जोडलेली जागा. त्या हाताला बीपीचा कफ नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगड्या नाहीत. बेडच्या डोक्याशी आणि केस पेपरवर ठळक लिहा, कारण डायलिसिस युनिटला हे माहीत असतं, पण ऑर्थोच्या वॉर्डला माहीत नसतं.

सुई लावण्यापूर्वी बोटं ठेवून थ्रिल (वाहत्या रक्ताची थरथर) पाहा. मांजर घुरघुरतं तशी ती हाताला लागते. कालपर्यंत होती आणि आज नाही, तर उद्याची अपॉइंटमेंट देऊ नका, आजच सर्जनला कळवा. गाठ ताजी असताना काही करता येतं.

सुईची जागा दर वेळी बदला, फिस्टुलाच्या लांबीवर खालून वर. "इथेच टोचा, इथे दुखत नाही" असं पेशंटच म्हणतो, आणि आपल्यालाही तिथे सुई सहज जाते. काही महिन्यांत तिथे फुगा येतो आणि कातडी कागदासारखी पातळ होते.

आणि हात पांघरुणाखाली नको. एसीमध्ये थंडी वाजते म्हणून पेशंट शाल ओढून घेतो. व्हीनस सुई निसटली तर मशीन दर वेळी अलार्म देईलच असं नाही, आणि पंप मिनिटाला ३०० मिलीच्या घरात रक्त बाहेर टाकत असतो. पाय झाका, छाती झाका, सुई दिसली पाहिजे.

कॅथेटर असलेल्या पेशंटचं?

जोडताना आणि काढताना सिस्टर आणि पेशंट दोघांनाही मास्क. हब अँटिसेप्टिकने घासून, वाळू द्यायचं. ते कॅथेटर डायलिसिससाठीच, अँटिबायोटिकसाठी नाही. हेपरिन लॉकचं माप कॅथेटरवरच छापलेलं असतं, अंदाजाने भरायचं नाही.

बीपी पडतं, पेटके येतात. रोजचंच आहे, त्यात सुधारणा कसली?

सुरुवात वजनकाट्यापासून. काटा एकच, चप्पल-स्वेटर काढून, खिशातला मोबाईल बाजूला ठेवून वजन घ्या. आकडा तुम्ही स्वतः पाहा, पेशंटने सांगितलेला लिहू नका. मग यूएफचा वेग काढा: ताशी, दर किलोमागे १३ मिलीच्या वर जाऊ नये असं धरलं जातं. ६० किलोच्या माणसाला ते ताशी ७८० मिली, म्हणजे चार तासांत जेमतेम ३.१ लिटर. तो साडेचार किलो वाढून आला असेल तर सगळं आजच पिळून काढायचं नसतं. वेळ वाढवायचा की जादा सेशन द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा.

बीपी पडण्याआधी शरीर सांगतं. जांभया येऊ लागतात, कपाळाला घाम येतो, मोबाईल पाहणारा माणूस मोबाईल छातीवर ठेवून डोळे मिटतो. तेव्हाच बीपी घ्या, अर्ध्या तासाच्या ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका. पडलंच तर यूएफ बंद, पाय वर, प्रोटोकॉलप्रमाणे सलाईन आणि डॉक्टरांना खबर.

चार्टमध्ये सात ते अकरा सगळीकडे १३०/८०, एकाच पेनाने एकाच दमात लिहिलेलं दिसतं. ते नोंद नसल्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या शिफ्टला ते खरं वाटतं.

पाण्याचं काम टेक्निशियनचं. आम्ही का बघायचं?

एका सेशनमध्ये साधारण १२० लिटर पाणी तुमच्या पेशंटच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावर वाहतं, म्हणून. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली शेवाळाचं विष असलेलं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि ५० हून अधिक पेशंट दगावले. आपल्याकडे रोजची काळजी क्लोरीनची आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीन वाढवलं जातं; क्लोरीन शोषणारा कार्बन टँक थकला असेल तर क्लोरामाईन (क्लोरीनचंच एक संयुग) पुढे येतं आणि पेशी फोडतं. प्रत्येक शिफ्टआधी क्लोरीनची टेस्ट झाली का, एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली आहे का, हे विचारा. पहिला पेशंट त्यानंतरच लावायचा.

हिपॅटायटिस बी, सी आणि डायलायझरचा (मशीनवरच्या रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा) पुनर्वापर?

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं, जमेल तर खोलीही वेगळी, आणि त्या शिफ्टमध्ये तीच सिस्टर बी न झालेल्या पेशंटकडे जाऊ नये. हा विषाणू पृष्ठभागावर सात दिवसही टिकतो. त्याचा डायलायझर पुन्हा वापरायचा नाही. इतरांना लस नेहमीपेक्षा दुप्पट मात्रेत, ४० मायक्रोग्रॅम, ०-१-२-६ महिन्यांना देतात. नंतर टायटर (रक्तातली अँटिबॉडीची पातळी) पाहायला विसरतात, ते विसरू नका. सीसाठी लस नाही, तिथे हातमोजे बदलणं आणि हात धुणं हेच खरं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळणं म्हणजे हातमोजे बदलणं नव्हे.

पुन्हा वापरायच्या डायलायझरवर पूर्ण नाव आणि नंबर हवा. आतली क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की टाकून द्या. लावण्यापूर्वी केमिकल शिल्लक नाही ना, ते स्ट्रिपने बघा.

शहाळं चालतं का?

नाही. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेण्याची आपली पद्धत या पेशंटच्या जिवावर बेतू शकते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मोसंबीचा रस आणि केळी यांचंही तेच. कमरख (स्टारफ्रूट) तर अजिबात नको, किडनीच्या पेशंटमध्ये त्याचं विष थेट मेंदूवर जातं. पेशंटपेक्षा भेटायला येणाऱ्या मेव्हण्याला आणि आत्याबाईंना हे सांगा.

सुधारणा करायची तर सुरुवात कुठून?

एकच गोष्ट निवडा आणि महिनाभर मोजा. उदाहरणार्थ, रक्ताच्या किती पिशव्यांना १५ मिनिटांचे व्हायटल्स वेळेवर घेतले गेले? चार्ट मागून चाळू नका, त्या वेळी प्रत्यक्ष बेडपाशी जाऊन पाहा. आकडा स्टाफरूममध्ये लावा, नावांशिवाय. तो कमी आला तर मीटिंग घेण्याआधी कारण विचारा. थर्मामीटर वॉर्डात एकच आहे आणि तो आयसीयूने नेलाय, असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते.

पेशंटला गणपतीला कोकणात गावी जायचंय. जाऊ दे का?

जाऊ द्या, पण सेशन चुकवून नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांत ही सोय वाढली आहे. गावाजवळच्या सेंटरला आधी फोन करून स्लॉट पक्का करा. सणात तिथेही गर्दी असते. सोबत एका पानावर लिहून द्या: ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचं वजन), डायलायझर, हेपरिनचा डोस, फिस्टुला की कॅथेटर, शेवटचं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम, एचआयव्ही-बी-सीचे ताजे रिपोर्ट, ॲलर्जी, आणि याआधी रक्ताची रिॲक्शन आली होती का. सरकारी आरोग्य योजनेतून डायलिसिस होत असेल तर कार्डाचं काय करायचं ते आरोग्यमित्राला निघण्याआधी विचारून घ्या. उकडीचा मोदक एखादा खाल्ला तर चालेल का, हे मात्र आहारतज्ज्ञांना विचारू दे.